ऑल-इन-वन इलेक्ट्रिक ब्रूइंग यंत्राचं पहिलं आधण

तळाशी हीटर, बाजूला पंप, पुढे तापमानाचा कंट्रोलर आणि आत जाळीच्या तळाचं दुसरं भांडं, एवढाच घरी बिअर बनवायच्या (ब्रूइंगच्या) या यंत्राचा संसार. पूर्वी तीन पातेली आणि दोन शेगड्या मांडून जे चालायचं, ते आता तीस-पस्तीस लिटरच्या एका स्टीलच्या भांड्यात होतं. न्यूझीलंडचं ग्रेनफादर, ऑस्ट्रेलियाचं ब्रूझिला, जर्मनीचं ब्राउमाइस्टर ही त्यातली गाजलेली नावं. रचना थोडी वेगळी असली तरी काम सगळ्यांचं सारखंच: भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे बार्ली) ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात भिजवायचा, गोड रस काढायचा, तो उकळायचा आणि झटपट थंड करायचा.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण विकणारे ते सांगत नाहीत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि त्या हेतूनं साधनं बाळगणंही त्यातच येतं. ‘घरच्यापुरती बिअर, विकत कुठं देतोय’ ही सबब चालत नाही. ब्रिटननं घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला, अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं १९७८ मध्ये मुभा दिली, ते त्यांच्याकडं. कोल्हापुरात हे यंत्र लावायचं तर यीस्टच्या, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या किण्वाच्या, अलीकडं थांबायचं आणि माल्टचं बिनअल्कोहोलचं पेय करायचं. पुढची सगळी कृती त्याचीच आहे. ब्रूइंगचं तीन चतुर्थांश कसब त्यातच शिकून होतं, त्यामुळं हात आखडल्यासारखं वाटायचं कारण नाही. परदेशात राहणाऱ्यांसाठी यीस्टचा भाग शेवटाकडं थोडक्यात दिला आहे.

यंत्र आणि वीज

अमेरिकेतल्या नातेवाइकानं बॅगेतून आणलेलं ११० व्होल्टचं यंत्र घेऊ नका. २२०-२४० व्होल्टचंच हवं. यातली बरीचशी २००० वॅटच्या पुढची असतात. २००० वॅट म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर, तेव्हा मोबाइल चार्जरच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर ते चालवायचं नाही. गिझरला असतो तसा सोळा अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि खात्रीचं अर्थिंग हवं. जुन्या वाड्यात राहत असाल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, शक्यतो आरसीसीबी (वीज गळली की लगेच ती तोडणारा स्विच) बसवून घ्या. इथं पाणी, स्टील आणि वीज तिन्ही एकाच ठिकाणी आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, वायर गरम होते. घरच्या इन्व्हर्टरवर हे ओढणार नाही. महावितरणचा वीज बंदचा मेसेज आलाय का ते बघून दिवस ठरवा, पाच तास लागतात. एका आधणाला चार-पाच युनिट जातील.

यंत्र आल्यावर पहिल्यांदा नुसतं पाणी तापवा. पंधरा लिटर पाणी भरून कोमट होईतो पंप फिरवा, जोड गळतात का बघा, मग उकळी आणा. स्टीलवर कारखान्यातलं तेल असतं, ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं निघतं.

या पाण्याच्या फेरीतच कोल्हापूरची एक गंमत कळते. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. आकडा ९८ वर अडकतो, भांड्यात खळखळ चाललेली असते आणि १०० ची वाट बघणारा कंट्रोलर उकळीचा टायमर काही सुरू करत नाही. यंत्र बिघडलं म्हणून विकणाऱ्याला फोन जातो. सेटिंगमध्ये उकळीचं तापमान ९८ किंवा ९७ करा. तशी सोय नसेल तर टायमर हातानं लावा.

माल्ट आणि गिरणी

पंधरा लिटर रसासाठी तीन किलो फिका बेस (मुख्य) माल्ट लागतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. किराणा दुकानातला सोललेला सातू इथं कामाचा नाही. मोड येताना धान्यात जी विकरं (एन्झाइम) तयार होतात, तीच पुढं पिष्टाची साखर करतात. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो, त्यातही हेच घडतं. ब्रूइंगचं साहित्य विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत माल्ट मिळतो. घेताना ‘अख्खा’ की ‘भरडलेला’ हे विचारा. पहिल्यांदा भरडलेलाच घ्या.

अख्खा घेतलात तर गिरणीवाल्याला समजावून सांगावं लागेल. त्याची सवय पिठाची. आपल्याला दाणा फुटायला हवा, पण टरफल शाबूत राहायला हवं. लाप्शीच्या रव्याहून जाड भरड सांगा आणि आधी मूठभर घालून बघा. मूठ उघडल्यावर तळहातावर फुटके पांढरे तुकडे आणि जवळजवळ अख्खी टरफलं दिसली की बरोबर. नुसतं पीठ चिकटलं तर दगड ढिले करायला सांगा. आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची किंवा बाजरी दगडात राहिली असेल तर ती तुमच्या पेयात उतरेल, हेही लक्षात असू द्या. घरात भरडायचं जातं असेल तर उत्तम.

टरफलाचं एवढं कौतुक कशाला? तर तीच गाळणी असते. ती पिठात गेली की माल्टचा लगदा होतो, रस खाली उतरत नाही आणि पंप कोरडा पडतो. भरड जरा बारीकच झाली असेल तर भाताचा तूस स्वच्छ धुऊन दोन-तीन मुठी मिसळा. आजरा-गगनबावड्याकडच्या भात गिरण्यांत तो पोत्यानं पडलेला असतो.

भिजवण

पाणी किती? ग्रेनफादरच्या तीस लिटरच्या यंत्राला माल्टचे किलो गुणिले २.७, अधिक ३.५ लिटर असा हिशेब वापरतात. तीन किलोला साडेअकरा लिटरच्या थोडं पुढं. इतर यंत्रांत जाळीखालची जागा कमी-जास्त असते, तेव्हा त्यांचा तक्ता बघा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन चवीत उतरतो. रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा कार्बन फिल्टरचं पाणी घ्या. आरओचं नुसतं पाणी मात्र नको, त्यात क्षार उरलेले नसतात आणि विकरांना थोडं कॅल्शियम लागतं. दोन्ही निम्मं-निम्मं चालेल.

पाणी ७० अंशांवर आणा, आतलं भांडं बसवा आणि माल्ट थोडा थोडा सोडत लाकडी उलथन्यानं ढवळत राहा. गाठी राहू द्यायच्या नाहीत. गाठीच्या आत कोरडं पीठ तसंच राहतं. सगळा माल्ट गेला की तापमान ६७ च्या आसपास येईल. कंट्रोलर ६७ वर ठेवा आणि तासभर तिथंच राहू द्या. दोन-चार अंशांनी चव बदलते: ६२-६५ ला पातळ आणि सहज आंबणारा रस मिळतो, ६८-७२ ला अंगानं जाडसर. आपल्याला आंबवायचं नाही, तेव्हा ६८-६९ वर ठेवलंत तरी छान. ७८ च्या पुढं मात्र जाऊ देऊ नका, टरफलातला तुरटपणा उतरतो.

पंप लगेच लावू नका. दहा मिनिटं माल्ट बसू द्या, मग तोटी अर्धवट उघडून सावकाश रस फिरवा. मधल्या ओव्हरफ्लो नळीतून धबधबा दिसला तर वेग कमी करा. याचा अर्थ रस माल्टमधून न जाता वरच्या वर पळतोय.

तास होत आला की चमचाभर रस पांढऱ्या बशीत घ्या आणि औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. थेंब पिवळट-तांबूस राहिला तर पिष्ट संपलं. निळा-काळा झाला तर आणखी पंधरा मिनिटं. ती बशी धुऊन टाका, चाखायची नाही.

मग तापमान ७५ ला न्या, दहा मिनिटं थांबा आणि आतलं भांडं वर उचलून कड्यावर टेकवा. ओला माल्ट सहा किलोच्या आसपास भरतो, वर भांड्याचं वजन, खाली वाफ. दोघांनी उचला, पोरंटोरं लांब. वरून ७५ अंशांचं आठ लिटर पाणी मग्यानं हळूहळू, गोल फिरवत घाला. ही घाई करायची गोष्ट नव्हे. वीस मिनिटं लागू द्यात. दाबून पिळायचंही नाही.

उरलेला चोथा त्याच दिवशी म्हशीच्या पुढ्यात जायला हवा, दुसऱ्या दिवशी आंबतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभ्या म्हशींच्या मालकांपैकी एखाद्याची ओळख असेल तर विचारून बघा. मोबदल्यात धारोष्ण दूध मिळेल असं नाही.

उकळी

या टप्प्याला गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. काहिलीत रस तापताना वर मळी येते आणि गुळव्या ती काढत राहतो, तसाच इथं ९५ अंशांच्या पुढं तपकिरी फेस जमतो आणि बघता बघता काठावर चढतो. रानभेंडीचं पाणी इथं लागत नाही, पण झारा हातात हवा. या दहा मिनिटांत यंत्रापासून हलायचं नाही. फेस वर आला की हीटर कमी करा, झाऱ्यानं फेस मोडा. झाकण पूर्ण उघडं. एकदा खळखळून उकळी फुटली की रसात शेवयांसारखे तुकडे तरंगताना दिसतील. ती गोठलेली प्रथिनं, घाबरू नका.

पाऊण तास उकळा. पाणी दोन-अडीच लिटर आटेल आणि पंधरा लिटरच्या आसपास रस उरेल. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) हवे असतील तर उकळी फुटल्यावर दहा ग्रॅमच घाला, न आंबवलेल्या पेयात जास्त कडूपणा सोसत नाही. आपल्याकडं हॉप्स हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात पिकतात. पण खरं सांगायचं तर पहिल्या आधणात हॉप्सपेक्षा ठेचलेलं आलं आणि गवती चहा जास्त जमतो. शेवटची पाच मिनिटं, मलमलच्या पुरचुंडीत बांधून. गूळ घालावासा वाटला तर पावशेर पुरे, नाहीतर माल्टची चव गुळाखाली दडपते.

उकळताना मध्येच हीटर बंद पडला तर बहुधा तळाला पीठ चिकटून करपलंय आणि सुरक्षेचा कटआउट उडालाय. बऱ्याच यंत्रांत रिसेटचं बटण बुडाखाली असतं. प्लग काढून, तळ लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यानं खरवडून मगच दाबा.

थंड करणं

गरम रस तसाच ठेवला की त्यात नको ते जंतू वाढतात. सोबत आलेली कॉइल (वेटोळं केलेली धातूची नळी) उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत रसात सोडा, म्हणजे ती निर्जंतुक होते. मग तिच्यातून नळाचं पाणी सोडा. ९८ पासून ५० पर्यंत झपाट्यानं उतरतं, पण उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट असतं आणि ३५ च्या खाली काही केल्या जात नाही. तिथं एअर कूलरचा छोटा पंप कामाला येतो: बादलीत बर्फ आणि पाणी, त्यात पंप, पंपाची नळी कॉइलला. पहिलं गरम पाणी टबात धरा, धुण्याला होतं. कॉइल नसेल किंवा आखूड पडत असेल तर ती उद्यमनगरात ३०४ ग्रेड स्टीलच्या नळीची वळवून मिळेल. वेल्डिंग रसात बुडणार नाही एवढंच बजावून सांगा.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन, नुसत्या पाण्यात १.००० दाखवतं) असेल तर थंड रसात बुडवून बघा. १.०४५ च्या जवळपास आला तर सगळं जमलं. १.०३५ असेल तर भरड फारच जाड राहिली किंवा वरचं पाणी घाईनं ओतलं.

रस उकळत्या पाण्यानं धुतलेल्या बाटल्यांत भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. जास्त असेल तर वर चार बोटं जागा सोडून फ्रीजरमध्ये. बाहेर, बंद बाटलीत अजिबात ठेवायचा नाही: हवेतल्या यीस्टनं तो आंबतो, बाटली फुटू शकते, शिवाय बंद बाटलीतल्या कमी आंबट रसात धोकादायक जंतू वाढण्याची भीती असते. प्यायला निम्मा रस, निम्मा थंड सोडा आणि लिंबू.

परदेशात, जिथं परवानगी आहे तिथं, हाच रस उकळताना हॉप्स जास्त घालून २० अंशांपर्यंत थंड करतात आणि निर्जंतुक फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओततात. पंधरा लिटरला कोरड्या एल (ale, बिअरचा एक प्रकार) यीस्टचं ११ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. १८-२० अंशांत दहा ते चौदा दिवस. हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही की मगच बाटलीत भरायचं, लिटरला सहा ग्रॅम साखर घालून. आकडा हलत असताना भरलं तर बाटल्या फुटतात.

साफसफाई

यंत्र धुवायचं ते त्याच दिवशी, रस वाळायच्या आत. आतलं भांडं आणि जाळी नळाखाली. यंत्रात धुण्याच्या सोड्याचं ६० अंशांचं पाणी भरून वीस मिनिटं पंप फिरवा, मग दोनदा साधं पाणी. तळाला तपकिरी डाग राहिलेच तर लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजू द्या. तारेची घासणी आणि ब्लीच दोन्ही स्टीलला मारक. पंपाच्या नळीत पाणी साचून राहिलं की आठवड्यात वास मारतं, म्हणून तोटी उघडी ठेवून यंत्र जरा तिरकं करा, नळी काढून उलटी टांगा, आणि प्लगच्या बाजूला ओलावा गेलेला नाही हे बघून मगच झाकण लावा.