बहिणीला बोन मॅरो द्यायचाय? मग आधी गाडीची किल्ली घरी ठेवा

एचएलए, म्हणजे डोनर आणि पेशंटच्या पेशी जुळतात का ते बघणारा रिपोर्ट आला, "पूर्ण मॅच आहे" असं डॉक्टर म्हणाले, की घरात पेढे येतात. येऊ द्या. सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच निघायची शक्यता 25 टक्केच, अर्धी मॅच निघायची 50 टक्के, म्हणजे नशीबच म्हणायचं. रक्तगट वेगळा निघाला तरी घाबरू नका, त्यानं काही अडत नाही. माझा बी पॉझिटिव्ह, बहिणीचा ओ. ट्रान्सप्लांट लागू पडला की पेशंटचा गट हळूहळू डोनरचा होतो. आता तीही बी पॉझिटिव्ह.

पण पेढे वाटून झाले की सगळं घर पेशंटभोवती गोळा होतं आणि डोनर मोकाट फिरून राहिलेला असतो. मी नागपुरात गांधीबागच्या दवा बाजारात कामाला आहे, औषधं रोज हाताळतो, पण ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून लिहितोय. पेशंटला कंडिशनिंगची, म्हणजे ट्रान्सप्लांटआधीच्या तयारीची केमो सुरू झाली की तिचा स्वतःचा मॅरो संपवला जातो. तिथून मागे फिरता येत नाही. नंतरच्या दिवसांत डोनर पडला, आजारी झाला किंवा त्यानं माघार घेतली, तर तिच्या जिवाशीच खेळ. म्हणून ट्रान्सप्लांटच्या आधीचे आठ-दहा दिवस दुचाकी बंद. मानेवाड्याहून गांधीबागेत मी शेअर ऑटोनं जायचो आणि दुकानातले लोक हसायचे. हसू द्या. बाहेरचे तर्री पोहे बंद, लग्नाची जेवणं बंद, सर्दी झालेल्या मित्राची गळाभेटही बंद.

"नाही" म्हणायचं असेल तर ते तिची केमो सुरू व्हायच्या आधी. काकू-मावशांच्या गराड्यात होकार देऊ नका. डॉक्टरांना एकट्याने भेटा, शक्य असेल तर पेशंटच्या डॉक्टरांपेक्षा वेगळ्या. तुमची तपासणीही त्यांनीच केलेली बरी. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या होतात. त्यात खाजगी काही निघालं तर ते आधी तुम्हालाच कळायला हवं, व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर नाही.

मॅरो दोन तऱ्हेनं घेतात. एकात भूल देऊन कमरेच्या हाडातून, दुसऱ्यात हाताच्या शिरेतून, मशीनवर. माझं मशीनवर झालं. आधी चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन कातडीखाली घ्यावं लागतं, त्यानं मॅरोतल्या पेशी रक्तात उतरतात. हे इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात ते पिशवीत घालून ऑटोतून आणू नका. आइसपॅकचा डबा घेऊन जा, पण बर्फ थेट लागू देऊ नका, गोठलं की वाया गेलं. तिसऱ्या दिवशीपासून कंबर, मांड्या आणि छातीचं मधलं हाड असं ठणकतं बाप्पा, की कूस बदलताना कण्हायला होतं. पॅरासिटामॉल चालते, बाकी कुठलीही दुखण्यावरची गोळी मनानं घेऊ नका. या दिवसांत प्लीहा सुजते, त्यामुळे जड खोकी उचलणं आणि जिम दोन्ही बंद. पोटात डावीकडे वर अचानक कळ आली तर रात्री-बेरात्रीही डॉक्टरला फोन लावा.

मशीनच्या दिवशी पोटभर नाश्ता करून जा, शर्ट अर्ध्या बाह्यांचा, सैल. दोन्ही हातांत सुया असतात आणि तीन-चार तास हलता येत नाही, म्हणून लघवीला जाऊनच पडा. ओठांभोवती मुंग्या आल्या की लगेच टेक्निशियनला सांगा. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्यानं कॅल्शियम उतरतं, ते दिलं की बरं वाटतं.

रक्तदात्यांची यादी बनवताना एक पथ्य कडक पाळा. ट्रान्सप्लांटच्या आधी आई-बाबा, भाऊ-बहीण अशा नात्यातल्या कुणाचं रक्त किंवा प्लेटलेट्स पेशंटला चढवू देऊ नका, तुमचंही नाही. पेशंटचं शरीर ते आधीच ओळखून बसलं तर पुढे तुमचा मॅरो नाकारू शकतं. मित्र, शेजारी, ऑफिसातले लोक गाठा, आणि पेशंटसाठी येणारी पिशवी इरॅडिएटेड, म्हणजे किरणोत्सर्ग दिलेली आहे ना, हे दर वेळी विचारा.

आता घर. नागपुरात खरा घोळ कूलरचा. पेशंटच्या खोलीत कूलर नको म्हणजे नको. ओल्या ताट्यांत बुरशी धरते, टाकीत डास होतात, आणि ज्याच्या पांढऱ्या पेशी नुकत्या उगवताहेत त्याला बुरशीचा एक श्वासही महागात पडतो. आम्ही तिच्या खोलीचा कूलर खिडकीसकट काढला, भाड्यानं एसी आणला, जाळी धुतली. रंगरंगोटी, फरशी, प्लंबरचं काम ती घरी यायच्या बरंच आधी उरकून धूळ बसू द्या. कुंड्या बाहेर, तुळससुद्धा. आई दोन दिवस बोलली नाही.

खाण्यात ताजं शिजवलेलं, उकळलेलं पाणी. कापलेली फळं आणि ठेल्यावरचा संत्र्याचा रस बंद. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) सुरू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट अजिबात नको, औषधाची मात्रा रक्तात वाढते. त्याची लेव्हल काढायची असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यावरच.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा नि पंतप्रधान निधीचा अर्ज ॲडमिशनच्या आधी टाका. थॅलेसेमियाच्या मुलाला सख्ख्या भावंडाची मॅच असेल तर कोल इंडियाच्या योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळते, तिची चौकशी करा.

आणि बायकोशी, होणाऱ्या बायकोशी, जी असेल तिच्याशी आधीच बोला. आजारानं परत डोकं वर काढलं तर मॅरोच्या पेशी किंवा लिम्फोसाइट्स (एक तऱ्हेच्या पांढऱ्या पेशी) पुन्हा द्यायला बोलावू शकतात. तो फोन आला तेव्हा तिला पहिल्यांदा कळावं, असं होऊ देऊ नका.