हर्क्युलिसवरच्या मेनफ्रेमला मेमरी किती द्यावी, आणि ती कशी बदलावी

हर्क्युलिस हा प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर आयबीएमचा मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचा मोठा संगणक, सॉफ्टवेअरच्या रूपात उभा करतो. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. आज तो मुक्त सॉफ्टवेअर म्हणून विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतो. पुण्या-मुंबईत कोबोल आणि जेसीएल या मेनफ्रेमवरच्या भाषांत काम करणारे पुष्कळ जण आहेत, पण ऑफिसातल्या मेनफ्रेमवर मनासारखे प्रयोग करता येत नाहीत. ज्यांना हे यंत्र आतून समजून घ्यायचे आहे, त्यांनी हर्क्युलिस जरूर बसवावे असे मला वाटते. बसवल्यावर पहिला प्रश्न मेमरीचा येतो.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे, मग त्यातली ४ जीबी मेनफ्रेमला देऊन टाकू, असे कुणालाही सुचेल. इथे मात्र हा हिशेब चालत नाही. आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालणार आणि तिचा मेमरीचा पत्ता (मेमरीतल्या प्रत्येक बाइटचा क्रमांक) किती बिटांचा आहे, यावरून आकडा ठरतो. म्हणून आधी तेवढे ठरवा.

घरी शिकणारे बहुतेक जण एमव्हीएस ३.८ घेतात. ही आयबीएमची जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम १९८१ च्या सुमाराची आहे आणि मोफत मिळते. युर्गेन विंकेलमान यांनी बांधलेला ‘टीके-फोर मायनस’ हा तयार संच त्यासाठी प्रसिद्ध आहे. या एमव्हीएसचा पत्ता २४ बिटांचा. म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट, बरोबर १६ एमबी. पिनकोडच्या सहा चौकटींत सातवा अंक बसत नाही, तसेच हे आहे: त्यापुढची मेमरी तुम्ही दिली, तरी तिचा पत्ता लिहायला एमव्हीएसकडे जागाच नाही. व्हीएम-३७० ही आयबीएमची दुसरी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असली तरी मर्यादा हीच. आणि १६ एमबी कमी वाटत असतील, तर १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम-३६० मालिकेतल्या मॉडेल ३० ला जास्तीत जास्त ६४ केबी मेमरी मिळत असे, हे लक्षात घ्या.

पुढच्या काळात पत्ता ३१ बिटांचा झाला आणि मर्यादा २ जीबीवर गेली. बत्तिसावा बिट पत्ता २४ बिटांचा की ३१ चा हे सांगण्यासाठी राखून ठेवला होता, त्यामुळे जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावरही चालत राहिले. मला हा निर्णय फार आवडतो. २००० साली झेड-आर्किटेक्चर आले आणि पत्ता ६४ बिटांचा झाला. आयबीएमची आजची ऑपरेटिंग सिस्टिम झेड-ओएस तिथलीच, पण ती घरच्या हर्क्युलिसवर चालवायचा परवाना आयबीएम देत नाही. ६४ बिटांचा अनुभव हवा असेल तर मेनफ्रेमसाठी बनवलेले लिनक्स घ्या.

आता प्रत्यक्ष काम. एमव्हीएस चालू असेल तर आधी ती नीट बंद करा. टीएसओमधून, म्हणजे तुमच्या लॉगिनमधून, बाहेर पडा, मग कन्सोलवर जेस-टू (कामांची रांग सांभाळणारा भाग) थांबवायची आज्ञा, त्यानंतर ‘झेड ईओडी’, शेवटी ‘क्वायेस’. खिडकीची फुली दाबून थेट बंद करू नका. स्पूलवरची, म्हणजे डिस्कवरच्या रांगेतली, कामे अर्धवट राहतात.

मग कॉन्फिगरेशन फाइल शोधा. टीके-फोर मायनसमध्ये ती ‘कॉन्फ’ या फोल्डरमध्ये आहे. उघडण्याआधी तिची एक प्रत करून ठेवा. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच उघडा, वर्डमध्ये नको. आतले शब्द इंग्रजी अक्षरांत, आकडेही इंग्रजी.

पहिल्यांदा ‘आर्चमोड’ची, म्हणजे कोणत्या पिढीचे यंत्र उभे करायचे हे सांगणारी, ओळ पाहा. एमव्हीएस ३.८ साठी तिथे एस-३७० असले पाहिजे. त्यानंतर ‘मेनसाइझ’ची ओळ. हा सलग एक शब्द, मग मोकळी जागा, मग आकडा, आकडा एमबीमध्ये. एमव्हीएससाठी १६ ठेवा. हर्क्युलिसच्या हायपेरियन या नव्या आवृत्तीत आकड्याला चिकटून के, एम किंवा जी हे अक्षर देता येते. टीके-फोर मायनसमध्ये मात्र नुसता आकडा दिसणार नाही. तिथे डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंसात पुन्हा मेनसाइझ हेच नाव असते, आणि शेवटी १६. अर्थ असा की त्या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नावाने ठेवलेली किंमत) तुम्ही आधी ठरवला असेल तर तो घ्या, नसेल तर १६. त्यामुळे फाइल न बदलताही निराळ्या आकड्याने यंत्र सुरू करता येते, आणि प्रयोगासाठी मी हीच वाट सुचवेन.

जवळच ‘एक्स्पांडसाइझ’ची ओळ असते. ती विस्तारित मेमरीची, १९८५ च्या ३०९० यंत्रांबरोबर आलेली. एमव्हीएस ३.८ तिच्याआधीची आहे, म्हणून तिथे शून्य राहू द्या.

फाइल जतन करा, हर्क्युलिस सुरू करा, आयपीएल करा, म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टिम चालू करा. हायपेरियनच्या पॅनेलवर नुसते ‘मेनसाइझ’ टाइप केले की चालू आकडा दिसतो. पण हर्क्युलिसने मेमरी दिली म्हणजे एमव्हीएसने ती घेतलीच असे धरून चालू नका. एमव्हीएसच्या कन्सोलवर ‘डी’, मोकळी जागा, ‘एम=स्टोर’ अशी आज्ञा द्या. पूर्ण १६ एमबीसाठी १६३८४ के दिसायला हवे.

एवढे जमले की आकडा ८ करून पाहा. एमव्हीएस मेमरीचे ४ केबीची पाने करते, आणि जागा अपुरी पडली की वापरात नसलेली पाने डिस्कवरच्या पेज डेटासेट या फाइलमध्ये हलवते. १६ एमबीवर एकट्या माणसाच्या कामात ही ये-जा, म्हणजे पेजिंग, फारशी जाणवत नाही. ८ वर एकाच वेळी तीन-चार कंपाइल सोडा आणि डिस्कवर काय चालते ते पाहा. पेजिंग नुसते वाचून कळते त्याहून या प्रयोगाने कितीतरी चांगले कळते. झाल्यावर पुन्हा १६.

लिनक्स चालवणाऱ्यांनी आर्चमोड झेड-आर्किटेक्चरचा ठेवावा आणि १ जीबी, म्हणजे १०२४ पासून सुरुवात करावी. इथे पत्त्याची अडचण नसते, तुमच्या लॅपटॉपची असते. ही मेमरी शेवटी त्याच्याच रॅममधून जाते. रॅम संपून लॅपटॉप स्वतःच डिस्क वापरू लागला, की आतले लिनक्सही रखडते, आणि दोष हर्क्युलिसचा वाटतो. टास्क मॅनेजर उघडा ठेवा. निदान २ जीबी मोकळे दिसत असतील तरच आकडा वाढवा.