चिनी राजवाड्याची मालिका: सबटायटलच्या पलीकडचं ऐकून प्रतिक्रिया कशी लिहावी

"ही त्याची कोण लागते?" हा प्रश्न दुसऱ्या भागात पडतो आणि पाचव्या भागापर्यंत उत्तर मिळालं नाही की माणूस मालिका सोडून देतो. दोष बहुतेक वेळा मालिकेचा नसतो, इंग्रजी सबटायटलचा असतो. इंग्रजीत काकू, मामी, मावशी, आत्या या सगळ्या एकाच 'आंटी'त कोंबल्या जातात आणि चुलत, मामे, मावस, आते हे सगळे 'कझिन' होतात. चिनी भाषेत मात्र आपल्यासारखेच वेगवेगळे शब्द आहेत. म्हणून मराठी प्रेक्षकाने पहिलं काम हे करावं: सबटायटलमधलं नातं तसंच उतरवून न घेता आपल्या शब्दात लावावं.

त्यासाठी एक शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर नाती, उजव्या पानावर भागवार प्रतिक्रिया. मोबाईलवर टिपत बसलात तर मालिका थांबवून अ‍ॅप बदलावं लागतं आणि तेवढ्यात रंग जातो.

डावं पान असं भरा. चिनी नावात आडनाव आधी येतं. 'यान्शी राजवाडा' या मालिकेच्या नायिकेचं नाव घ्या: वेइ यिंगलुओ. यात 'वेइ' हे घराणं आणि 'यिंगलुओ' ही मुलगी, म्हणून 'वेइ' नावाची माणसं एकाखाली एक लिहिली की घर आपोआप उभं राहतं. शेजारी पदवीचा रकाना ठेवा, तो पेन्सिलीने. राजवाड्यात बाईची पदवी बदलली की तिला हाक मारायची पद्धतही बदलते आणि नवख्याला वाटतं नवीन पात्र आलं. छिंग म्हणजे चीनचं शेवटचं, मांचू राजघराणं. त्या काळातल्या जनानखान्याची उतरंड अशी: सम्राज्ञी, तिच्याखाली एक हुआंग-गुइफेइ, दोन गुइफेइ, चार फेइ, सहा पिन, आणि त्याखाली गुइरन, छांगझाय, दायिंग यांना संख्येची मर्यादा नाही. फेइच्या चारच जागा, म्हणून त्यातली एक रिकामी झाली की पुढचे तीन भाग कट-कारस्थानांचे असणार हे धरून चाला.

आता नात्यांचे दोन शब्द कानाला लावून घ्या: 'थांग' आणि 'ब्याओ'. थांग म्हणजे चुलत, एकाच आडनावाची भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही, आपल्या भावकीसारखंच. ब्याओ म्हणजे मामे, आते आणि मावस, तिन्ही एकत्र. मालिकेत एखादी मुलगी 'ब्याओ-ग' म्हणत लाजली तर ती भावाला नाही, होऊ घातलेल्या नवऱ्याला हाक मारते आहे असंही असू शकतं. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'बावा' म्हटलं की मामेभाऊ, आतेभाऊ, बहिणीचा नवरा आणि स्वतःचा नवराही त्यातच येतो. फक्त एक ध्यानात ठेवा: आपल्याकडे मावसभाऊ हा भाऊच, तिकडच्या जुन्या घराण्यांत मात्र मावस भावंडांचंही लग्न जमत असे. तिथे "छी, मावसबहीण!" अशी प्रतिक्रिया लिहिलीत तर ती कथेवर नाही, आपल्या चालीरीतीवर झाली.

दुसरी जोडी 'दी' आणि 'शू' यांची. पट्टराणीची किंवा लग्नाच्या बायकोची मुलं दी, उपपत्नीची शू. याला 'सावत्र' म्हणून मोकळं होऊ नका. शू मुलाला वडिलांच्या लग्नाच्या बायकोला आई म्हणावं लागतं आणि जन्मदात्रीला आई म्हणता येत नाही. सुंग या छिंगच्या कितीतरी आधीच्या राजघराण्याच्या काळातल्या मिंगलान या मुलीच्या मालिकेत ती जन्मदात्रीला 'श्याओ-न्यांग', म्हणजे धाकटी आई म्हणते. सबटायटलमध्ये दोघींसाठी 'मदर' आलं की त्या घरातलं सगळं दुःख पुसलं जातं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, आणि ती डोळ्यांची नाही, कानांची आहे. या मालिकांत 'मी'ला एकच शब्द नसतो. सम्राट स्वतःला 'जन' म्हणतो, दुसरं कुणी तो शब्द वापरत नाही. राणी सम्राटापुढे 'छन-छिए' म्हणते, आणि तीच राणी हाताखालच्या लोकांपुढे 'बन-गुंग' होते. दासी 'नू-बी' म्हणते. साधा 'मी' म्हणजे 'वो'. सबटायटलमध्ये या पाचही शब्दांचं एकच 'आय' होतं. वीस भाग 'छन-छिए' म्हणणारी राणी एका प्रसंगात सम्राटापुढे 'वो' म्हणाली तर तिथे वहीत वेळेसकट खूण करा. त्या क्षणी ती दरबार सोडून बायको म्हणून बोलते आहे, किंवा सगळं संपलं असं ठरवून बोलते आहे. प्रेमाचा कबुलीजबाब पुष्कळदा संवादात नसतोच, या एका शब्दात असतो. दोन-चार भाग कान लावलात की हे शब्द ओळखीचे होतात.

यूट्यूबवर सबटायटलच्या सेटिंगमध्ये आपोआप भाषांतराची सोय आहे, तिथून मराठी निवडता येते. घरातल्या आजींना इंग्रजी येत नसेल तर ती वापरा, पण तिची खोड ओळखून. यंत्र इंग्रजी 'यू'चं कधी 'तू' करतं, कधी 'तुम्ही'. मग दासी सम्राज्ञीला अरे-तुरे करते आणि सम्राट चोराला अहो-जाहो. शिवाय चिनी बोलण्यात 'तो' आणि 'ती' दोन्हींचा उच्चार 'था' असाच होतो. वाक्य कुणाबद्दल आहे याचा संशय आला तर मागे जाऊन प्रसंग पाहा, सबटायटल पुन्हा वाचून उपयोग नाही.

वेळेचंही तसंच. एक 'शिचन' म्हणजे दोन तास. "अर्ध्या शिचनात परत येतो" याचं सबटायटल "अर्ध्या तासात" असं आलं की नायक उशीर करणारा ठरतो, बिचारा वेळेत असतो. आपल्या प्रहराचे तीन तास, त्यांच्या शिचनचे दोन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काळ ओळखायला पुरुषाचं डोकं बघा. कपाळावरचे केस भादरलेले आणि मागे वेणी असेल तर छिंग. अधिकाऱ्याच्या टोपीला दोन्ही बाजूंना हातभर लांब पट्ट्या असतील तर सुंग. नावगाव नसलेला काल्पनिक काळ असेल तर इतिहास शोधू नका, नुसती गोष्ट बघा.

कापडावर मात्र सोलापूरकराने हक्काने लिहावं. नानजिंगचं युनजिन हे जरीचं रेशीम मोठ्या लाकडी मागावर दोघं मिळून विणतात. एक वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढतो, दुसरा खाली धोटा आणि रंग सांभाळतो. दिवसभरात पाच-सहा सेंटीमीटर कापड निघतं. वरच्या माणसाचं ते काम आपल्या चादरीच्या मागावर जकार्ड आणि पंचकार्डं करतात, त्यामुळे झग्यावरची नक्षी विणलेली आहे की नुसती छापलेली, हे ओळखायला इथल्या माणसाला वेगळं शिक्षण लागत नाही. बाही हलली की बघा: विणलेल्या नक्षीवर उजेड तुटक चमकतो, छापलेली नक्षी सपाट राहते. २०१८ च्या यान्शी राजवाड्याच्या मालिकेत प्रत्येक कानात तीन-तीन कर्णफुलं दिसतात. ती हौस नाही, मांचू बायकांची रीतच होती.

अभिनयावर लिहिताना आवाजाला जपून हात घाला. बऱ्याच मालिकांत नटाच्या तोंडी डबिंग कलाकाराचा आवाज असतो, चिनीत सुद्धा. "काय गोड बोलते" ही दाद भलत्याच माणसाला जाऊ शकते.

उजवं पान त्याच रात्री भरा. २०२० मध्ये चिनी टीव्ही नियामकाने चाळीस भागांच्या वर जाऊ नका असं सांगितलं. ही मर्यादा २०२५ मध्ये सैल झाली, पण मधल्या काळातल्या मालिका बहुधा तेवढ्याच आहेत. पंचेचाळीस मिनिटांचा एक धरला तर तीस तास, रोज दोन म्हणजे वीस रात्री. दिवसाला तीनपेक्षा जास्त पाहिलेत तर कुठल्या भागात काय झालं याची खिचडी होते. चिनी प्रेक्षक गोड प्रसंगाला साखर आणि काळीज चिरणाऱ्या प्रसंगाला सुरी म्हणतात. समासात 'सा' किंवा 'सु' लिहा आणि पुढे मिनिट. मग दोन-तीन वाक्यं, पण "मस्त होता भाग" हे त्यातलं एक नको.

उदाहरण घ्या. रूयी राणीच्या मालिकेत सम्राज्ञी सम्राटासमोर स्वतःचे केस कापते. "रागाच्या भरात एवढं कशाला?" ही घाईची प्रतिक्रिया. मांचू रीतीत बाई केस कापते ती सम्राट किंवा राजमाता वारल्यावर, म्हणजे नवरा जिवंत असताना तिने त्याचं सुतक धरलं. केशवपन ऐकून असलेल्या मराठी माणसाला हे एका ओळीत कळतं, आणि तीच ओळ लिहायची.

हीच मालिका आणि यान्शी, दोन्ही २०१८ च्या, दोन्हींत छियानलुंग सम्राटाचाच दरबार. पण यान्शीतली नायिका इकडे खलनायिका आहे आणि इकडची नायिका तिकडे खलनायिका. म्हणून ग्रुपवर "ती वेइ बाई मेली पाहिजे" असं टाकण्याआधी मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक लिहा. त्याखाली पंचवीस-तीस रिकाम्या ओळी सोडा आणि मग मजकूर. मेसेज लांब झाला की बाकीचं 'आणखी वाचा'च्या आड जातं आणि मागच्या भागात अडकलेल्या वहिनींना शेवट कळत नाही.