पाणथळ कुरणासाठी नदीच्या पाण्याचा परवाना : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये नदीचं पाणी कालव्यात किंवा पाणथळ जमिनीत वळवायला पूर्वी बहुतेक सूट होती. 1 जानेवारी 2018 पासून रोज 20 घनमीटरपेक्षा जास्त पाण्याला परवाना लागू झाला. आधीपासून पाणी वापरणाऱ्यांना अर्जाची मुदत 2019 अखेरपर्यंत होती. सॉमरसेटमधल्या आमच्या कुरणाचा अर्ज किती पाणी उपसलं याच्या पुराव्याअभावी अडला, कारण पंपाला मीटरच नव्हता. मग जुनी वीजबिलं काढली. बिलातले युनिट भागिले मोटरचे किलोवॅट म्हणजे पंप चालल्याचे तास. त्याला पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या ताशी उपशाने गुणलं. चरातल्या मोजपट्टीचे तारखेचे फोटोही जोडले. परवाना मिळाला! नदी आटली की उपसा थांबवायची अट आहे, आणि ती रास्तच आहे. आता पंपाला तास मोजणारा मीटर बसवलाय. टिटवीच्या पिल्लांना ओला चिखल लागतो, नूतनीकरण अडायला नको.