‘डिअर एव्हन हॅन्सन’ ऐकायचं कसं

पहिली गोष्ट, शफल बंद करा. ‘डिअर एव्हन हॅन्सन’ या अमेरिकी संगीतनाटकाची सुटी गाणी मोबाईलवर कानावर पडली की भलतंच काहीतरी कळतं. छान, धीर देणारी गाणी आहेत, असं वाटून माणूस पुढे जातो. मला त्याची चीड येते, कारण यातली अर्धी गाणी धडधडीत खोटं बोलतात.

दुसरं, संवादात घडणारी गोष्ट आधी माहीत करून घ्या, कारण अल्बममध्ये ती जवळजवळ नाहीच. एव्हन 17 वर्षांचा, हाताला प्लास्टर, चारचौघांत बोलायचं म्हटलं की तळहाताला घाम. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो स्वतःलाच पत्रं लिहितो. त्यातलं एक पत्र कॉनर मर्फी हा मुलगा हिसकावून नेतो. पुढे कॉनर आत्महत्या करतो, पत्र त्याच्यापाशी सापडतं आणि आईवडील समजतात की हे आपल्या मुलानेच जिवलग मित्राला लिहिलं. एव्हनच्या तोंडून ‘नाही’ काही निघत नाही. (आत्महत्येचा विषय तुम्हाला जवळचा असेल तर एकट्याने ऐकू नका, सोबत कुणीतरी असू द्या.)

2016 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये आलेल्या मूळ संचाचाच अल्बम घ्या. त्यात एव्हन झालेल्या बेन प्लॅटचा आवाज ऐन जोरात असताना मध्येच पातळ होतो, ती भीती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मला सापडलेली नाही.

आता ‘फॉर फॉरेव्हर’. इथे घाई करू नका, दोनदा ऐका. एव्हन मर्फींच्या घरी जेवायला बसलाय आणि त्यांच्या मुलासोबत घालवलेला एक दिवस सांगतोय, जो कधी उगवलाच नव्हता. सुरुवातीला तो चाचपडतो. मग सफरचंदाची बाग येते, आइस्क्रीम येतं, झाड येतं आणि आवाज मोकळा होत जातो. शेवटी तो झाडावरून पडतो आणि कॉनर धावत येतो. खरं तर तो पडला तेव्हा कुणीही आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना एवढंच लक्षात ठेवा, म्हणजे हा मुलगा मर्फींना फसवतोय की स्वतःची हौस भागवतोय, ते ठरवता येणार नाही.

‘सिन्सिअरली, मी’ मजेशीर आहे, हसून घ्या. फक्त त्यात गाणारा कॉनर हा एव्हनने रचलेल्या बनावट ईमेलमधला कॉनर आहे, हे विसरू नका. ‘यू विल बी फाउंड’ हे सगळ्यांत गाजलेलं गाणं पहिल्या अंकाच्या शेवटी येतं. लोक ते दिलासा म्हणून ऐकतात, ऐकोत बापडे. नाटकात मात्र त्याच क्षणी एव्हनचं खोटं इंटरनेटवर पसरून हाताबाहेर जातं.

दुसऱ्या अंकात बेसबॉलच्या ग्लव्हचं गाणं बरेच जण गाळून पुढे जातात. ते करू नका. कॉनरचे वडील एव्हनला नवा ग्लव्ह मऊ कसा करायचा ते शिकवतात: शेव्हिंग क्रीम चोळायचं, रबरबँडने बांधायचा, रात्री गादीखाली ठेवायचा. तो ग्लव्ह कॉनरसाठी आणलेला होता आणि कोरा राहिलाय. दुःखाबद्दल हा माणूस चकार शब्द काढत नाही, नुसती कृती सांगत राहतो. माझ्या मते पासेक आणि पॉल या नाटकाच्या गीतकार-संगीतकार जोडीचं सगळ्यांत कसबी काम हेच.

‘वर्ड्स फेल’ आणि त्यानंतरचं एव्हनच्या आईचं गाणं सलग ऐका, मध्ये फोन घेऊ नका. रेचल बे जोन्सला या आईच्या भूमिकेसाठी टोनी हे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक मिळालं. नवरा सामान हलवायचा ट्रक घेऊन घर सोडून गेला, त्या दिवसाची आठवण ती मुलाला सांगते, आणि सांगताना आवाज अजिबात चढवत नाही.

2021चा सिनेमा सगळ्यांत शेवटी बघा. त्यात मूळची चार गाणी गाळलीत, ग्लव्हचंही.