लॅपटॉपवर फोटो दिसतात, साइट लाइव्ह केली की ४०४, शेवटी सुटलं

आम्ही चौघं कोल्हापूरचे, फायनल इयरला पन्हाळा-रंकाळा-अंबाबाई देऊळ अशी पर्यटनाची साइट केली. चौघांच्या विंडोज लॅपटॉपवर सगळे फोटो झकास, पण लिनक्स सर्व्हरवर टाकलं की रंकाळा आणि पन्हाळ्याचा तीन दरवाजा एवढे दोनच गायब, ब्राउझरच्या कन्सोलला ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही.

कॅशे साफ केली, पाथ बदलले, फोटो परत अपलोड केले. डेमोच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून डोकं पार आउट झालं.

कारण असं की त्या दोन फाइलींच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि शेवटचं जेपीजीपण कॅपिटल (कॅमेऱ्यातनंच तसं आलेलं), कोडमध्ये मात्र सगळं स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला त्या वेगळ्या फाइली. आम्ही नाव बदललं होतं की, पण विंडोजवर गिटचं (कोडमधले बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर) इग्नोरकेस सेटिंग, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक न बघणं, ट्रू असतं, त्यामुळं गिटला बदल कळलाच नाही, स्टेटस कोरं.

आधी गिट एलएस-फाइल्स ही कमांड मारा, गिटकडं खरं नाव काय आहे ते तिथंच कळतं, एक्सप्लोररवर विसंबू नका. मग गिट एमव्हीनं (नाव बदलायची कमांड) त्या जुन्या नावाचं भलतंच काहीतरी नाव करा, आम्ही टेम्प दिलं. परत गिट एमव्ही, टेम्पवरनं पूर्ण स्मॉल नाव. मग कमिट, पुश, डिप्लॉय. फोटो लगेच आले.

टीममधल्या कुणाच्या फोल्डरात पुल करूनपण जुनंच नाव दिसलं तर त्यानं आपलं काम आधी पुश करून रेपो (गिटमधला अख्खा प्रोजेक्ट) नव्यानं क्लोन करावा, म्हणजे सर्व्हरवरनं परत उतरवावा.