लेक ओंटारिओवर सॅल्मन-ट्राउट गरवताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात शनिवारी पहाटे कॅनडातल्या पोर्ट क्रेडिट, ब्रॉन्टी किंवा ऑशवाच्या बंदरातून बोटींची रांग बाहेर पडते. त्यातल्या थोड्याच बोटी नऊच्या आत मोठे चिनूक सॅल्मन घेऊन परत येतात. बाकीच्या दुपारपर्यंत पाणी घुसळून रिकाम्या हाताने घरी जातात. स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) सगळ्यांकडे तेच, फ्लॅशर (आमिषापुढे चमकत फिरणारी पट्टी) तेच, पाण्याखालचं दाखवणारं सोनारही जवळपास तेच. फरक पडतो तो आपलं आमिष या घडीला नक्की किती खोल आहे, तिथलं पाणी किती थंड आहे आणि ते तिथे कोणत्या वेगाने चाललंय, हे माहीत असण्याने. वरचं पाणी बघून खालचा अंदाज बांधणं ही या सरोवरावरची मूळ चूक. बाकीच्या बऱ्याचशा चुका तिच्याच पोटातून निघतात.

टोरंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन भागात आता मराठी घरं भरपूर आहेत, आणि त्यातल्या कोकणातल्या मंडळींच्या हाताला गरी लहानपणापासून माहीत असते. खाडीत गरवताना जागा धरायची सवय लागलेली असते. अमुक खडक, तमुक पुलाचा खांब, भरतीची अमुक वेळ. इथे ती सवय आडवी येते. जवळपास १९,००० चौरस किलोमीटरचं हे सरोवर, म्हणजे पुणे जिल्ह्याहून मोठं, आणि सगळ्यात खोल जागी २४४ मीटर. भरती-ओहोटी नावापुरतीसुद्धा जाणवत नाही.

मासा जिथे मागच्या रविवारी लागला तिथेच परत जाणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा खोलात जाऊ. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो आणि थंड, जड पाण्यावर तरंगत राहतो. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात थोड्याच फुटांत तापमान झपकन उतरतं. हीच थर्मोक्लाईन. चिनूकला साधारण १० ते १३ अंशांचं पाणी मानवतं. लेक ट्राउट त्याहून थंड पाण्यात, बहुधा तळाशी लागून असतो. ब्राउन ट्राउटला थोडं कोमट चालतं. त्यामुळे मासा एखाद्या जागेवर राहत नाही, तो तापमानाच्या पट्ट्यात राहतो, आणि हा पट्टा वाऱ्याबरोबर वर-खाली होत असतो.

टोरंटोच्या बाजूचा, म्हणजे उत्तर किनारा घ्या. पश्चिमेचा वारा एक-दोन दिवस जोरात वाहिला की वरचं कोमट पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी किनाऱ्यालगत वर येतं. ऐन जुलैत २० अंशांचं पाणी बघता बघता ८ अंशांवर उतरू शकतं. पूर्वेचा वारा याच्या उलट करतो. कोमट पाणी किनाऱ्याशी साचतं आणि थंड पट्टा शंभर फुटांच्याही खाली दडपला जातो. मागच्या रविवारी ७० फुटांवर मासा लागला म्हणून या रविवारीही तिथेच आमिष सोडणारा माणूस मधे फिरलेला वारा विसरलेला असतो.

उपाय अवघड नाही. निघण्याआधी मागच्या तीन दिवसांचा वारा बघा. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे ग्रेट लेक्सच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे उपग्रह नकाशे सगळ्यांना मोफत दिसतात. त्यात उत्तर किनाऱ्याला लागून थंड रंगाची पट्टी दिसली, तर दूर जायची गरजच नाही. सोनारची संवेदनशीलता वाढवली की थर्मोक्लाईन धूसर आडव्या रेषेसारखी दिसते. तापमान मोजणारा प्रोब डाउनरिगरच्या (तारेवर जड गोळा सोडून आमिष खोल नेणारं यंत्र) गोळ्याजवळ लावता आला तर सगळ्यात उत्तम. नवीन रॉडवर पैसे घालण्याआधी त्यावर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. पट्टा सापडला तरी तिथे खायला काही आहे का, तेही बघा. इथला चिनूक मुख्यत्वे एलवाइफवर जगतो. हा तारलीच्या जवळच्या कुळातला छोटा चंदेरी मासा आहे. मुळात चिनूक आणि कोहो हे पॅसिफिकचे सॅल्मन. १९६० च्या दशकात ग्रेट लेक्समध्ये एलवाइफची बेसुमार वाढ झाली होती, तेव्हा मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सोडायला सुरुवात केली. ओंटारिओ सरोवरातही त्यानंतर लवकरच ते आले. सोनारवर एलवाइफचे ढग दिसत नसतील तर तापमान कितीही अचूक असू दे, तिथे वेळ घालवू नका.

डाउनरिगरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास

काउंटरवर १०० फूट दिसतं म्हणजे गोळा १०० फुटांवर आहे असं नाही. तेवढी तार सोडली आहे, इतकंच ते यंत्र सांगतं. बोट चालू असताना पाणी गोळ्याला मागे ढकलतं आणि तार तिरकी होते. उभ्या रेषेपासून तार ३० अंश कलली तर गोळा ८७ फुटांच्या आसपास असतो. ४५ अंश कलली तर ७० च्या. आठ पौंडांचा गोळा घेऊन खोल ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं) करणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. साठ-सत्तर फुटांच्या पुढे जायचं असेल तर १२ पौंड किंवा अधिक वजन घ्या आणि तारेचा कोन बघत राहा.

तोच कोन वेगाबद्दलही सांगतो. जीपीएस दाखवतो तो बोटीचा वेग. खाली वेगळाच प्रवाह वाहत असू शकतो, कधी बोटीच्या विरुद्ध, कधी सोबत. पूर्वेकडे जाताना दोन-तीन मासे लागले आणि परतीच्या फेरीत एकही नाही, असं झालं की लोक नशिबाला बोल लावतात. त्याऐवजी दोन्ही फेऱ्यांत तारेचा कोन सारखा ठेवून बघा, मग जीपीएसवर काहीही दिसो. स्पून आणि फ्लॅशर-फ्लाय (फ्लॅशरमागे झुबक्याचं आमिष) साधारण ताशी २ ते २.८ मैलांत चालतात, लेक ट्राउटला त्याहून संथ हवं. वळण घेताना आतल्या बाजूची आमिषं मंदावून खाली जातात आणि बाहेरची वेग घेऊन वर उचलली जातात. वळणावर आतल्या रॉडला मासा लागला तर वेग कमी करा, बाहेरच्या रॉडला लागला तर वाढवा. इतका स्वस्त धडा दुसरा नाही.

गोळ्याजवळच्या, मासा लागला की सुटणाऱ्या क्लिपमध्ये दोरी अडकवण्याचं काम घाईत उरकलं जातं. आमिष वीस-तीस फूट मागे सोडा. क्वाग्गा शिंपल्यांनी गाळून काढल्यामुळे इथलं पाणी फार स्वच्छ झालंय, उथळात तर अंतर आणखी ठेवा. दोरी क्लिपच्या जबड्यात चिमटीत धरा, गोळा सावकाश उतरवा आणि तो थांबला की रॉडचं टोक चांगलं वाकेपर्यंत दोरी गुंडाळून ताणा. ताण नसेल तर क्लिप सुटल्यावर दोरीत ढिलाई येते आणि तेवढ्यात गरी निसटते. जबडा फार घट्ट असेल तर हातभर लांबीचंही नसलेलं पिल्लू आमिषाला लागून तासभर नुसतं ओढलं जातं आणि वर कळतही नाही. टोक बारीक थरथरत असेल तर बघून घ्या.

दोरीला कापसासारखं काय चिकटलंय?

जुलै-ऑगस्टमध्ये दोरी गुंडाळताना रॉडच्या टोकाच्या कडीत पांढुरका, चिकट लगदा अडकतो आणि रील फिरेनासं होतं. ते शेवाळ नाही. फिशहूक वॉटर फ्ली नावाचे बाहेरून आलेले सूक्ष्म जीव आहेत, या सरोवरात १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडले. त्यांच्या आकड्यासारख्या शेपट्या बारीक दोरीत गुंततात. अशा दिवसांत पातळ ब्रेडेड (विणलेली) दोरी ठेवू नका, जाड मोनो (एकाच धाग्याची नायलॉन दोरी) लावा, आणि दर थोड्या वेळाने दोरी वर घेऊन पुसा. घरी जाण्याआधी ती पूर्ण वाळवा, म्हणजे हे जीव दुसऱ्या तलावात जाणार नाहीत.

मासा लागल्यावरची घाई

वीस-पंचवीस पौंडांचा चिनूक पहिल्या धावेत शंभर यार्ड दोरी सहज ओढून नेतो. या वेळी ड्रॅग (दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट केला की दोरी तुटते किंवा गरी वाकते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, तोही सकाळीच लावून ठेवा, मासा पळत असताना हात लावू नका. त्याला धावू द्या. लीडरवरून (आमिषाजवळचा दोरीचा तुकडा) रोज नख फिरवून बघा. बारीकसा ओरखडाही लागला तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने, ओली करून मारा.

जाळं कायम डोक्याकडून. शेपटीकडून जाळं लावलं की मासा पुढे उसळतो आणि गेलाच. जाळं पाण्यात स्थिर धरा, त्यावर मासा आणण्याचं काम रॉडवाल्याचं.

एप्रिलमध्ये खोल पाण्यात जाणं

बर्फ सरल्यावर चित्र उलटं होतं. सगळं सरोवर ३-४ अंशांवर असतं, आणि त्यातल्या त्यात कोमट पाणी मिळतं ते किनाऱ्यालगत, ओढ्यांच्या मुखाशी, धक्क्यांच्या कडेला. ब्राउन ट्राउट तिथेच, दहा फुटांच्या आत असतो. डाउनरिगर बाजूला ठेवून प्लेनर बोर्डावर (दोरी बोटीच्या बाजूला नेणारी तरंगती फळी) छोटे स्टिकबेट (बारीक माशासारखी आमिषं) बोटीपासून दूर चालवा. उथळ पाण्यात मासा बोटीच्या आवाजाने बाजूला होतो, म्हणून हे अंतर.

पण एप्रिलची खरी भीती पाण्याचीच. बाहेर १८ अंशांचं ऊन असतं, लोक टी-शर्टवर बसतात आणि लाइफ जॅकेट सीटखाली असतं. अशा पाण्यात पडल्यावर काय होतं, ते कॅनडात १-१०-१ या सूत्राने शिकवतात. पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतात, आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपते. म्हणजे बुडण्याचा धोका गारठण्याच्या कितीतरी आधी येतो. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येत नाही. ते अंगातच हवं, पट्टे लावलेलं. मुलांच्या बाबतीत याला अपवाद करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

वाऱ्याचंही तेच. पूर्वेचा वारा सरोवराची जवळपास ३०० किलोमीटर लांबी तुडवत येतो आणि सगळा जोर हॅमिल्टन-पोर्ट क्रेडिटच्या टोकाला काढतो. निघताना बंदरात शांत वाटलं तरी सागरी हवामानाचा अंदाज वाचा. सोळा फुटी बोट असेल आणि १५ नॉट पूर्वेचा वारा सांगितला असेल, तर त्या दिवशी घरी राहा.

सप्टेंबरमध्ये नदीच्या मुखाशी

ऑगस्टच्या शेवटी मोठे चिनूक क्रेडिट, गनरास्का अशा नद्यांच्या मुखाशी गोळा होतात. त्यांचं खाणं जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणून एलवाइफसारखं दिसणारं नाजूक आमिष दिवसभर फिरवून उपयोग नाही. चिडून चावा घेतील असं काहीतरी द्या, म्हणजे जे-प्लग (माशासारखं जोरात हलणारं आमिष) किंवा अंधारात चमकणारे मोठे स्पून, आणि तेही उजाडायच्या आत. मासे नदीत शिरले की पाठीत, पोटात गरी अडकवून ओढणारे लोक दरवर्षी दिसतात. हा गुन्हा आहे. तोंडाबाहेर कुठेही गरी लागलेला मासा लगेच सोडावा लागतो. बोटीवरून माणशी दोनच दोऱ्या चालतात, आणि मत्स्य परवाना व मोटारबोट चालवण्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं.

कुठला मासा पकडलाय ते न ओळखणं

चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके. कोहोच्या हिरड्या फिकट, ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली आणि गडद अंगावर फिके ठिपके. अटलांटिक सॅल्मनला लोक ब्राउन ट्राउट समजतात. त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर मोजके मोठे ठिपके असतात आणि शेपटीचा बुडखा बारीक असतो. हा या सरोवराचा मूळचा मासा. बंधारे, जंगलतोड आणि अतोनात मासेमारीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इथून नाहीसा झाला, आणि २००६ पासून क्रेडिट, डफिन्स, कोबर्गच्या ओढ्यांत तो परत आणायचे मोठे प्रयत्न चालू आहेत. ओळख पटली नाही तर मासा सोडून द्या.

सोडण्यातही खालच्या-वरच्या पाण्याचा हिशेब आहे. ऑगस्टमध्ये १० अंशांतला दमलेला मासा २२ अंशांच्या पाण्यात वर येतो. त्यात फोटोसाठी बोटीत दोन मिनिटं ठेवला तर तो सोडूनही बहुधा जगत नाही. ठरलेली संख्या पूर्ण झाली की भर उन्हाळ्यात गरवणं थांबवावं, गंमत म्हणून पकडून सोडत बसू नये.

शेवटी स्वयंपाकघर. ओंटारिओ सरकार जागा, जात आणि लांबीनुसार कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ता देतं, आणि गरोदर स्त्रिया व मुलांसाठी आकडे वेगळे असतात. मासा जितका मोठा तितके पीसीबी (कारखान्यांतली जुनी विषारी रसायनं) आणि पारा जास्त साठलेले, म्हणून खायला मध्यम आकाराचा ठेवा. पीसीबी चरबीत राहतात. कातडं, पोटाकडची चरबी आणि बाजूची करडी पट्टी काढून तुकडे जाळीवर भाजले तर बरीच चरबी गळून जाते. कालवणात ती रश्शातच उतरते. तेव्हा तिरफळं-कोकम घालून कालवण करायचंच असेल तर आधी तुकडे नीट साफ करून घ्या. पारा मात्र मांसात असतो, तो कापून किंवा शिजवून जात नाही. त्यासाठी तक्त्यातला आकडाच पाळायचा.